भाचीचा पगार आणि तासांचा हिशेब

प्रश्न : माझी भाची धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकली. यंदा एका मोठ्या विमान कंपनीत को-पायलट म्हणून लागली. आम्ही गल्लीत पेढे वाटले. लोक म्हणतात, पायलटला महिन्याला आठ-आठ लाख मिळतात. ती म्हणते, सध्या पन्नास हजार. अजून तिला विमानात मागच्या खुर्चीवर बसवतात, परदेशात पाठवत नाहीत आणि दिवाळीला घरी येणं जमणार नाही म्हणते. दाजींनी शेत तारण ठेवून कर्ज काढलंय म्हणून काळजी वाटते. कंपनीनं पोरीला फसवलं तर नाही ना?
— एक मामा, शिरपूर

उत्तर : फसवलेलं नाही. तुमच्या कानावर आलेले दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या माणसांचे आहेत. एप्रिल २०२३ मध्ये एअर इंडियानं वैमानिकांसाठी नवी वेतनरचना आणली. तेव्हा जे आकडे छापून आले त्यांत सर्वांत खाली प्रशिक्षणार्थी वैमानिक होता, महिना ५० हजार रुपये, आणि सर्वांत वर सीनियर कमांडर, महिना साडेआठ लाख. गावापर्यंत पोहोचतो तो वरचा आकडा. भाची आहे खालच्या पायरीवर. वर जायला तिला काही वर्षं लागतील. पण पहिल्या दोन पायऱ्या त्यामानानं लवकर चढता येतात, म्हणून सध्याच्या पन्नास हजारांवरून फार घाबरू नका.

आधी ‘लागली’ म्हणजे काय झालं ते पाहू. तिच्याकडे सीपीएल आहे, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, पेपर, रेडिओचा परवाना, वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी आणि किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. हे २०० तास बहुतेक मुलं सेसना १७२ सारख्या चार आसनी विमानावर करतात. भरलेल्या सेसनाचं वजन साधारण ११०० किलो. ज्या एअरबस ए-३२० वर तिला आता बसायचंय तिचं वजन ७५ टनांच्या पुढे जातं. परवाना हातात आला म्हणून विमान हातात येत नाही, आणि ते येऊ नये यातच प्रवाशांचं भलं आहे.

या दोन विमानांमधलं अंतर कापायला सहा महिने ते वर्षभर लागतं. आधी वर्गातले धडे : कंपनीची कार्यपद्धती, धोकादायक मालाचे नियम, आणीबाणीत दारं उघडणं, पावसाळ्यातलं उड्डाण. मग सिम्युलेटर. तिथे इंजिन बंद पाडतात, धूर काढतात, ऐन टेकऑफच्या वेळी काहीतरी बिघडवतात, आणि हे सगळं पहाटे दोनच्या पाळीला सुद्धा, कारण सिम्युलेटर महाग असतात आणि चोवीस तास चालवले जातात. त्यानंतर रिकामं विमान घेऊन ‘टच अँड गो’ : धावपट्टीला चाकं टेकवायची, पुन्हा उचलायचं, पुन्हा टेकवायचं. मग परवान्यावर त्या विमानाची नोंद चढते. तिला टाईप रेटिंग म्हणतात.

एवढं झालं तरी को-पायलटची खुर्ची लगेच मिळत नाही. काही उड्डाणं कॉकपिटमधल्या मागच्या घडीच्या खुर्चीवर बसून नुसती पाहायची असतात. भाची सध्या जिथे बसते ती हीच जागा. हिला जंप सीट म्हणतात. ती शिक्षा नव्हे, तिथूनच सगळं नीट दिसतं. त्यानंतर ती उजव्या खुर्चीवर येईल, पण डावीकडे प्रशिक्षक कॅप्टन असेल आणि सुरुवातीच्या काही फेऱ्यांत मागे आणखी एक पूर्ण पात्र वैमानिक बसलेला असेल. प्रशिक्षणात काही घडलंच तर हात घालायला. या टप्प्याला त्यांच्या बोलीत ‘एसएलएफ’ म्हणतात, सुपरव्हाइज्ड लाइन फ्लाइंग. विमानात प्रवासी असतात, त्यांना यातलं काही कळत नाही. शेवटी एक तपासणी होते आणि मग तो शब्द येतो ज्याची सगळी मुलं वाट पाहत असतात : रिलीज. ‘रिलीज झालीस का?’ असं भाचीला विचाराल तर ती मामाकडे जरा आदरानं पाहील.

पन्नास हजार आहेत ते रिलीज होईपर्यंतचे. काही कंपन्या या काळात त्याहूनही कमी देतात. टाईप रेटिंगचा खर्च उमेदवारानं करायचा की कंपनीनं, हेही कंपनीगणिक वेगळं असतं. कंपनीनं केला तर बहुधा बाँड लिहून घेतात.

आता खऱ्या पगाराकडे येऊ. इथे मला तुमच्याशी थोडं हुज्जत घालून बोलायचंय, कारण सगळे नातेवाईक विचारतात तो प्रश्न अपुरा आहे. ‘महिन्याला किती?’ हे विचारून वैमानिकाची मिळकत कळत नाही. ‘किती तासांची हमी?’ हे विचारावं लागतं.

वैमानिकाच्या पगारात एक भाग ठरलेला असतो आणि दुसरा उड्डाणाच्या तासांवर. तास मोजतात ते ब्लॉक टाईमनं. विमान उड्डाणासाठी जागेवरून हललं की घड्याळ सुरू, उतरून शेवटच्या जागी थांबलं की बंद. रिक्षाचं मीटर रिक्षा सुटल्यावरच टाकतात, रिक्षावाल्यानं नाक्यावर काढलेला वेळ त्यात नसतो, तसंच हे. भाचीनं विमानतळावर काढलेला वेळ आणि तिला मोजून मिळालेला वेळ यांत बरंच अंतर पडतं. एक दिवस घेऊ. सकाळी ६.१५ ला मुंबई विमानतळावर हजेरी. हवामान, इंधन, विमानातल्या प्रलंबित दुरुस्त्यांचे कागद, श्वासाची चाचणी. ७.१५ ला नागपूरसाठी निघायचं, दीड तास. नागपूरला चाळीस मिनिटं : प्रवासी उतरतात, चढतात, तेवढ्यात ती खाली उतरून विमानाभोवती फेरी मारते, टायर, पंख, इंजिनाची पाती पाहते. मे महिन्यात नागपूरच्या फरशीवर ही फेरी मारणाऱ्याला विचारा. मग परत मुंबई, दीड तासाहून थोडं जास्त. पुन्हा चाळीस मिनिटं. मग गोवा, सव्वा तास. पुन्हा चाळीस मिनिटं, परत मुंबई, सव्वा तास. कागद पुरे करून ती मोकळी होते तेव्हा दुपारचे तीन वाजून गेलेले असतात. कामाचे तास जवळजवळ नऊ. मीटरवर पडले साडेपाच तासांच्या आसपास.

म्हणून हमीचा आकडा महत्त्वाचा. पूर्वी मोठ्या कंपन्यांत महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचे पैसे धरून चालण्याची पद्धत होती. विमानं कमी उडाली, पाऊस झाला, विमान हँगरमध्ये पडून राहिलं, तरी ७० तासांचे पैसे येणारच. कोविडमध्ये ही हमी घसरली. २०२३ मध्ये एअर इंडियानं ती ४० तासांवर ठेवली आणि जुन्या वैमानिकांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. पुढच्या वर्षी ‘विस्तारा’ या विमान कंपनीचं एअर इंडियातलं विलीनीकरण जवळ आलं, तिथल्या वैमानिकांनाही ७० वरून ४० तासांच्या हमीवर यावं लागणार होतं, आणि एप्रिल २०२४ मध्ये इतके वैमानिक ‘आजारी’ पडले की कंपनीला आपल्या उड्डाणांत सुमारे दहा टक्के कपात करावी लागली. बाहेरच्याला वाटलं, लाखो रुपये घेणारे लोक कशाला भांडतात? भांडण लाखाचं नव्हतं, तीस तासांचं होतं. हमी कमी आणि जास्तीच्या तासाचा दर जास्त, अशी रचना भरपूर उडणाऱ्याला परवडते. पण किती उडायचं हे वैमानिकाच्या हातात नसतं. ते रोस्टर, म्हणजे कामाचं वेळापत्रक, ठरवतं.

मग रिलीज झाल्यावर भाचीच्या हातात किती पडतील? देशांतर्गत मोठ्या कंपन्यांत नव्या को-पायलटला साधारण सव्वा लाखापासून अडीच लाखांपर्यंत मिळतात. मागणी वाढली की दर वर सरकतो. आकासा एअर २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी तिनं को-पायलटचा सुरुवातीचा पगार १ लाख १० हजारांच्या आसपास होता तो १ लाख ८० हजारांवर नेला. हाच आकडा धरून दाजींचा हिशेब मांडू.

१ लाख ८० हजार महिना, म्हणजे वर्षाला २१ लाख ६० हजार. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत यावर सुमारे २ लाख ३० हजार कर बसतो, महिन्याला १९ हजार. कर्ज समजा ५० लाखांचं, व्याज ११ टक्के, मुदत दहा वर्षं. हप्ता येतो महिन्याला ६९ हजारांच्या घरात. शिवाय शिक्षणाच्या आणि वाट पाहण्याच्या दोन वर्षांत हप्ता सुरू झाला नसेल तरी व्याज चालूच होतं. ५० लाखांवर दोन वर्षांचं साधं व्याजच ११ लाख होतं, ते मुद्दलात मिळवलं तर हप्ता आणखी चढतो. भविष्य निर्वाह निधीची कपात वेगळी. अंधेरीत दोघी-तिघींनी मिळून घेतलेल्या फ्लॅटचं भाडं वेगळं. तर लाखांतल्या पगाराची भाची पहिली दोन वर्षं तरी महिनाअखेर ऐंशी-नव्वद हजारांच्या आत संसार करणार आहे. वाईट अजिबात नाही, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तर नाहीच. पण शेत लगेच सुटेल असं दाजींनी धरू नये.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. तिला नोकरी लागली. २०२३ मध्ये डीजीसीएनं १,६२२ सीपीएल दिले, तोवरचा तो उच्चांक होता. त्याच वर्षी एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची मागणी नोंदवली, त्या बातम्या वाचून फ्लाइंग स्कूलमध्ये रांगा लागल्या. पण विमानं येतात वर्षानुवर्षं, हप्त्याहप्त्यानं, आणि परवाने आधीच तयार होतात. परवाना घेऊन घरी बसलेली, दर महिन्याला व्याज मोजणारी मुलं गोंदियापासून बारामतीपर्यंत भेटतील. जाहिरातींमध्ये ती दिसत नाहीत.

आता कामाच्या वाटपाकडे वळू. तुमचा खरा राग तिथे दिसतो.

नव्या वैमानिकाला आधी ‘बेस’ मिळतो. ज्या शहरात कंपनीची विमानं रात्री मुक्कामाला असतात तिथला बेस : दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद असे. मागून हवा तो मिळेल याची खात्री नसते. धुळ्याच्या मुलीला कोलकाताही मिळू शकतो. मग तिथून बदलीचा अर्ज, आणि वाट पाहणं.

रोस्टर साधारण महिन्याचं येतं, मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये, आणि बदलत राहतं. त्यात उड्डाणं असतात, ट्रेनिंग असतं, मुक्काम असतात. एका बेसवरून दुसरीकडे विमान आणायला नुसतं प्रवासी म्हणून जाणं असतं, त्याला डेडहेड म्हणतात. आणि असतो स्टँडबाय : गणवेश इस्त्री करून ठेवायचा, फोन जवळ ठेवायचा, ठरलेल्या तासांत कुणी आजारी पडलं की निघायचं. फोन नाही आला तर दिवस घरी जातो, पण त्या दिवशी नाशिकला जाऊन येऊ असं म्हणता येत नाही. नव्यांच्या वाट्याला स्टँडबाय जरा जास्तच येतो, असं सगळेच नवे म्हणतात.

परदेशाचं म्हणाल तर, लांब पल्ल्याच्या विमानांसाठी वेगळं टाईप रेटिंग लागतं आणि तिथे बहुधा अनुभवी वैमानिक जातात. तिच्या ए-३२० वरून दुबई, मस्कत, बँकॉक इथवर उड्डाणं होतात. पण दुबईला जाऊन तासाभरात परत फिरायचं असेल तर तिला दुबईची फक्त धावपट्टी आणि एक गेट दिसेल. मुक्काम असलाच तर हॉटेल आणि भत्ता कंपनीचा, पण त्या वेळात झोपायचं असतं. तुम्ही अत्तर मागवलं असेल तर तेवढं थांबा. मुक्कामात दारूचं तर नावच नको : निघण्याआधी श्वासाची चाचणी होते, उड्डाणाच्या बारा तास आधीपासून दारू वर्ज्य असते, आणि नियमांत अल्कोहोल असलेल्या माउथवॉशलाही बंदी आहे. पहिल्यांदा सापडलं तर तीन महिने परवाना निलंबित. मुलं हॉटेलातल्या टूथपेस्टचं पाकीटसुद्धा उलटून वाचतात.

दिवाळीबद्दल. वैमानिकांना आठवड्याची विश्रांती कायद्यानं मिळते. पूर्वी ती सलग ३६ तास होती. डीजीसीएनं जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम काढले, ते न्यायालयाच्या वाटेनं फिरून २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले, आणि आता ती सलग ४८ तास आहे. पण ते अठ्ठेचाळीस तास शनिवार-रविवारी येतील असं नाही, मंगळवारी दुपारीही सुरू होतील. आणि दिवाळी म्हणजे विमान कंपन्यांचा भर हंगाम. तुम्ही सगळे ज्या दिवशी घरी जाता त्या दिवशी तुम्हाला घरी नेणारं कुणीतरी लागतं. ज्येष्ठांच्या रजा आधी मंजूर होतात, नव्यांच्या उरल्या तर.

त्या नव्या नियमांमधला आणखी एक बदल सांगतो, कारण त्यानं डिसेंबर २०२५ मध्ये देशभर गोंधळ उडाला होता. पूर्वी मध्यरात्र ते पहाटे ५ ही ‘रात्र’ धरत. आता मध्यरात्र ते ६. ड्यूटीचा काही भाग जरी या वेळेत आला तर ती रात्रपाळी, आणि रात्रपाळीत वैमानिकाला दोनच लँडिंग करता येतात, पूर्वी सहापर्यंत चालत. वर मी भाचीची हजेरी सव्वासहाला धरली ती उगाच नव्हे. तीच हजेरी पावणेसहाला असती तर नागपूर आणि परत मुंबई, एवढ्यावर तिचा दिवस संपला असता, गोव्याला दुसरी जोडी लागली असती. एका तासाच्या फरकानं पहाटेच्या उड्डाणांना किती जास्त माणसं लागतात ते लक्षात घ्या. १ नोव्हेंबर २०२५ ला दुसरा टप्पा लागू झाला, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून अधिक. कंपनीनं पुरेशी माणसं तयार ठेवली नव्हती. शेवटी डीजीसीएनं रात्रीच्या नियमांतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट दिली. विमानतळावर अडकलेल्या लोकांनी त्या दिवसांत वैमानिकांना शिव्या घातल्या, पण विश्रांती मागणारा वैमानिक गुन्हेगार नसतो. मला तरी डोळे चोळत उतरवणाऱ्यापेक्षा दोन तास उशिरा येणारा बरा वाटतो.

वरची मर्यादाही ठरलेली आहे. सात दिवसांत ३५ तास उड्डाण, वर्षात १,००० तास. म्हणजे ‘जास्त उडून जास्त कमवू’ म्हटलं तरी भिंत आहेच.

पुढचं थोडक्यात. सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा, चाळिशीपर्यंत दरवर्षी वैद्यकीय. कानात, डोळ्यात, हृदयात काही निघालं तर ‘तात्पुरती अपात्र’, आणि उड्डाणभत्ता बंद. त्यासाठी परवाना गमावण्याचा विमा असतो. कंपनी देते का, किती रकमेचा, कोणत्या अटींवर, हे भाचीला आजच विचारायला सांगा. पेढ्यांइतकंच ते महत्त्वाचं आहे. नोकरी सोडायची झाली तर को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कॅप्टनला वर्षाची. २०१७ पासून हा नियम आहे. २०२३ मध्ये आकासाचे ४३ वैमानिक नोटीस पुरी न करता गेले तेव्हा कंपनी थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली होती.

आणि ते आठ लाख? त्यासाठी एटीपीएल, म्हणजे सीपीएलच्या वरचा परवाना, हवा, त्याला १,५०० तास. कॅप्टन करताना कंपन्या त्याहून बरेच जास्त तास मागतात. विमानं वेळेवर येत राहिली तर चार ते सहा वर्षांत डावी खुर्ची मिळू शकते. राहिली नाहीत तर वाट पाहायची. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. त्या दिवशी तिथल्या को-पायलटांचे तास कुणी काढून घेतले नाहीत, पण ज्येष्ठतेच्या यादीतली जागा गेली. दुसऱ्या कंपनीत गेलं की बहुधा शेवटून सुरुवात.

तर भाचीला पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारा : रिलीज कधी, हमी किती तासांची, आणि विमा आहे का. पगार विचारू नका. तो ती स्वतःहून सांगेल, पहिला पूर्ण महिना हातात पडला की.

प्रश्न : पुतण्या अमेरिकेत डॅलसला छोट्या विमान कंपनीत को-पायलट झाला. सहा महिने झाले, ‘रिझर्व्ह’वर आहे म्हणतो. याचा अर्थ काम नाही असा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काम आहे, नेमकं कधी ते माहीत नाही, एवढंच. तिकडे सगळं ज्येष्ठता-क्रमांकावर चालतं. रुजू झालेल्या दिवसापासून प्रत्येकाला क्रमांक मिळतो आणि बेस, विमान, फेऱ्या, नाताळची सुट्टी या साऱ्यांची निवड त्या क्रमानं होते. ज्येष्ठ लोक निवडून उरलेलं नव्यांना, आणि बहुतेकदा त्यांच्यासाठी उरतो रिझर्व्ह : ठरलेल्या दिवशी फोनजवळ राहायचं आणि बोलावलं की एक-दोन तासांत विमानतळ गाठायचा. पैसे मात्र मिळतात, कारण महिन्याला साधारण ७५ तासांची हमी असते. दरही आता बरा आहे. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी नव्या को-पायलटचा दर तासाला ९० डॉलरपर्यंत नेला. त्याआधी तो बराच खाली होता.

तिथले नियम कडक होण्यामागे एक अपघात आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन एअरचं विमान बफेलोजवळ कोसळलं, ५० जण गेले. चौकशीत निघालं की को-पायलट आदल्या रात्री सिएटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कच्या आपल्या बेसला आली होती, आणि तिचा पगार इतका कमी होता की बेसजवळ घर घेणं परवडण्यासारखं नव्हतं. त्यानंतर २०१३ पासून तिकडे को-पायलटलाही बहुधा १,५०० तास लागतात. तुमचा पुतण्या तेवढे तास कुठेतरी शिकवून किंवा फुटकळ कामं करूनच तिथे पोहोचला असणार. तो डॅलसमध्येच राहत असेल तर नशीबवान आहे. बेसपासून दूर राहणारे बरेच जण विमानतळाजवळ आठ-दहा जणांत एक भाड्याची खोली घेतात, दुमजली पलंगांची, आणि आळीपाळीनं झोपतात. त्याला क्रॅश पॅड म्हणतात. नाव ऐकून वहिनींना घाबरवू नका.

प्रश्न : विमान उतरवतो कोण, कॅप्टन की को-पायलट? नवा असेल तर प्रवाशांना सांगतात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : एरवी आळीपाळीनं. एक फेरी एकानं उडवायची, दुसऱ्यानं रेडिओ आणि चेकलिस्ट सांभाळायची, परतताना उलट. पण नव्या को-पायलटला लँडिंग द्यायची परवानगी सगळ्याच कॅप्टनना नसते, आणि आडवा वारा, ओली धावपट्टी, कमी दृश्यमानता असली की कॅप्टन ते आपल्याकडे घेतो. लेहसारख्या विमानतळावर तर खास प्रशिक्षण झालेल्यांनाच पाठवतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर मुंबईत नव्या मुलांच्या वाट्याला लँडिंग कमीच येतात, आणि ऑक्टोबर उजाडला की त्यांचे चेहरे खुलतात. प्रवाशांना सांगत नाहीत. खांद्यावरच्या पट्ट्या मोजा : चार असतील तर कॅप्टन, तीन किंवा त्याहून कमी असतील तर को-पायलट. चाकं कोणी टेकवली ते मात्र पट्ट्यांवरून कळत नाही, आणि धक्का बसला तर ते कॉकपिटमधलं कुणीही सांगणार नाही.